परक्या मैदानावरचा गोल

तालमीच्या मागच्या भिंतीवर
आबा दरवर्षी गेरूनं चौकटी आखायचे.
सोळा संघ, आठ, चार, दोन.
शेवटची चौकट रिकामी, तिला पिवळा काठ.
पेंटर माणूस. दिवसभर दूधसंस्थांच्या पाट्या,
रात्री उधारीच्या वहीत युरोपचा चषक.

पंचावन्न साली सोळाच क्लब होते, ते सांगत.
फ्रान्सातल्या एका पेपरवाल्यांच्या डोक्यात आलं,
कोण भारी ते मैदानातच ठरू दे.
"म्हणजे आपल्या कट्ट्यावरचाच वाद,
फक्त विमानाचं तिकीट काढून."

एक सामना तुझ्या दारात, एक माझ्या.
दोन्हीची बेरीज.
बेरीज सारखी आली तर तिसरा, तिऱ्हाइताच्या गावात.
तिथंही सुटलं नाही तर नशीब.
पासष्ट साली लिव्हरपूल आणि कोलोन
तीन सामने खेळून बरोबरीतच राहिले,
तेव्हा पंचानं लाकडी चकती उडवली,
एका बाजूनं तांबडी, एका बाजूनं पांढरी,
आणि ती चिखलात कडेवर उभी राहिली.

आबा इथं थांबून बिडी शोधायचे.
आई चुलीपासनं विचारायची,
"मग शेवटी काय वाढलं, तांबडा का पांढरा?"
"परत उडवली. तांबडा."
शंभरदा ऐकलेलं, तरी ती हसायची.

पुढं नियम आला:
बेरीज बरोबरीत असंल तर
दुसऱ्याच्या दारात जाऊन मारलेला गोल जड.
मला काही ते कळायचं नाही.
आमच्यात कुठलं आलंय परकं मैदान?
ह्या पेठेचं शाहू स्टेडियम, त्या पेठेचंही तेच.
फक्त बसायची बाजू वेगळी.

कळलं सत्त्याण्णवच्या वैशाखात.
माझी वरात दहा मिनिटांत संपली.
माहेर आणि सासर यांच्यामधे
एक तिकटी, दोन सायकलची दुकानं
आणि बेचाळीस वर्षांची खुन्नस.

सासरी देवघराशेजारी त्यांच्या संघाचा फोटो,
जांभळे पट्टे, तेलकट काच.
फायनलला जाताना सासूबाई म्हणाल्या,
"आता तू हिकडची हाईस."
हो म्हटलं. जांभळी ओढणीही घेतली.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला
आमच्या रवळू सासन्यानं कॉर्नरवर डोकं लावलं
आणि त्या सगळ्या गप्प झालेल्या गॅलरीत
मी उभी होते,
हात वर,
तोंडातनं काय निघालं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं,
आबांनी भिंतीवर रंगवलंय: एक–शून्य.
आणि खाली बारीक अक्षरात,
परक्या मैदानावर आणखी एक.

नंतर चषकाचं नाव बदललं, गट पडले.
दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचेही आत आले.
"हरलेला कसला चॅम्पियन?" म्हणून आबा
वर्षभर वहीशी बोलले नाहीत.
मग वही परत उघडली.

आता थंडीतली रात्र, दीड वाजलाय.
आई गेल्यापासनं आबा पहिल्यांदाच
लेकीच्या घरी मुक्कामाला.
माझा पृथ्वीराज मोबाइलवर तक्ता दाखवतो:
छत्तीस क्लब, सगळ्यांचं एकच टेबल,
आठच सामने प्रत्येकाला, चार घरी, चार बाहेर,
पहिले आठ थेट पुढं,
नववा ते चोविसावा एकमेकांशी झुंजणार,
उरलेले बारा घरी.
"छत्तीस? एवढी भिंत कुठंय?"
आणि मग, जरा वेळानं,
"परक्या मैदानावरचा गोल?"
"तो नियम एकवीसलाच काढला, आबा.
आता कुठंही मारा, सारखाच."

आबांनी माझ्याकडं बघितलं.
मी दुधावरची साय बाजूला करत होते.
"काढायला नको होता," ते हळूच म्हणाले,
जावई आत झोपलेत म्हणून हळूच,
आणि चष्मा पुसून फोटोजवळ गेले.
"हा कोण रे उंच? चौथा डावीकडनं?
त्या दिवशी रवळूला मोकळा सोडणारा
हाच ना?"